जुन्या एसएमपीएसमधली टीएल४९४ आणि गिटारचा फेझर

प्रश्न थोडक्यात असा: "जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून (एसएमपीएस) टीएल४९४ ही आयसी काढली आहे. ती पीडब्ल्यूएम चिप आहे, म्हणजे पल्सची रुंदी कमीजास्त करते, एवढं कळलं. ती वापरून गिटारसाठी ट्रेमोलो किंवा फेझर घरी करता येईल का? की सिग्नल तिच्यातून गेला की आवाजाची वाट लागेल?"

करता येईल. ट्रेमोलो, म्हणजे आवाज तालात लहानमोठा करणारा इफेक्ट, सोपा आहे आणि फेझर, म्हणजे आवाजात फिरत्या खाचा पाडणारा, तर फारच छान होतो. आवाजाची वाट लागण्याची भीती मात्र खरी आहे. म्हणून गिटारचा सिग्नल या चिपमधून न्यायचाच नाही. नळाची तोटी फिरवणारा हात म्हणजे ही चिप. पाणी दुसऱ्या पाइपातून वाहणार. तो पाइप म्हणजे सीडी४०६६, चार इलेक्ट्रॉनिक स्विच एकाच आयसीत असलेली स्वस्त सीमॉस चिप.

आधी एक सूचना, कारण पुढच्या वेळी तुम्ही आणखी एखादा सप्लाय उघडाल. वीज काढल्यावरही त्यातल्या दोन मोठ्या कपॅसिटरवर मिळून तीनशे व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडण्याची मर्दुमकी नको. दोन-तीन वॉटचा, काही किलोओहमचा रेझिस्टर पक्कडीत धरून डिस्चार्ज करा, मीटरने शून्य झाल्याची खात्री करा आणि मगच सोल्डरिंग आयर्न हातात घ्या.

आता मूळ कल्पना. ४.७ के चा एक रेझिस्टर घ्या आणि त्याच्या सीरीजमध्ये ४०६६मधला एक स्विच टाका. स्विच सतत चालू असेल तर रेझिस्टन्स ४.७ के. तोच स्विच सेकंदाला साठ हजार वेळा उघडझाप करत असेल आणि त्यातला निम्माच वेळ चालू असेल, तर सरासरी करंट निम्मा होतो. गिटारच्या सिग्नलला हा वेग कळतच नाही, त्याच्या दृष्टीने रेझिस्टन्स दुप्पट, म्हणजे ९.४ के झाला. एक दशांश वेळ चालू ठेवला तर ४७ के. रेझिस्टर तोच, पण व्होल्टेजने हवा तेवढा मोठा दिसणारा. फेझरला नेमकं हेच लागतं.

जुन्या पेडलमध्ये हे काम जेएफईटी (व्होल्टेजने रेझिस्टन्स बदलणारे ट्रान्झिस्टर) करतात, नाहीतर दिवा आणि एलडीआर (उजेडाने रेझिस्टन्स बदलणारा). जेएफईटीची अडचण ज्याने चार जुळवून पाहिले आहेत त्याला सांगायला नको. कॉलेजच्या लॅबमधले बीएफडब्ल्यू१० घेऊन मी एकदा बसलो होतो. डझनभर मोजले तेव्हा कसेबसे चार जवळपासच्या पिंच-ऑफचे (जेएफईटी पूर्ण बंद होतो त्या व्होल्टेजचे) सापडले. शिवाय जेएफईटीवर थोडा मोठा सिग्नल आला की तो डिस्टॉर्ट करायला लागतो. स्विचच्या पद्धतीत जुळवाजुळव नाही. चार ४.७ के चे एक टक्क्याचे रेझिस्टर आणि एकच कंट्रोल वायर, फेझरच्या चारही स्टेज, म्हणजे सिग्नलची फेज सरकवणारे एकामागे एक टप्पे, आपोआप बरोबर चालतात. ४०६६मध्ये चार स्विच असणं आणि नेहमीच्या फेझरला चार स्टेज लागणं हा योगायोग आपल्या पथ्यावर पडतो.

जोडणी सांगतो. आयसीला उताणी न करता, खाच वर ठेवून डावीकडून मोजायला सुरुवात करा. १२ नंबरच्या पिनला ९ व्होल्ट, ७ ला ग्राउंड. चिपच्या आत दोन एरर अँप्लिफायर आहेत, सप्लायचं व्होल्टेज स्थिर ठेवण्यासाठीचे. आपल्याला ते नकोत, पण तसेच मोकळे सोडले तर मनाला येईल तसं वागतात. म्हणून १ आणि १६ ग्राउंडला, २ आणि १५ हे १४ नंबरला. १४ वर चिप स्वतःच ५ व्होल्टचा रेफरन्स देते. १३ नंबर ग्राउंडला. तो ५ व्होल्टला जोडला तर दोन्ही आउटपुट आळीपाळीने चालतात आणि प्रत्येकाला निम्म्याहून कमी वेळ मिळतो. ५ नंबरवर १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि ६ वर १८ के चा रेझिस्टर, दोन्हींची दुसरी टोकं ग्राउंडला. फ्रिक्वेन्सी म्हणजे १.१ भागिले या दोघांचा गुणाकार, साधारण ६१ किलोहर्ट्झ. कपॅसिटर सिरॅमिकचा स्वस्त डिस्क नको, गरम झाला की सरकतो. पॉलिस्टर किंवा पॉलिस्टायरीन घ्या.

आउटपुट ८ नंबरवर, म्हणजे आतल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर घ्यायचं. ९ हा एमिटर ग्राउंडला, आणि ८ पासून ९ व्होल्टपर्यंत २.२ के चा पुल-अप. ही वायर थेट ४०६६च्या चारही कंट्रोल पिनना, म्हणजे ५, ६, १२ आणि १३ ला. इथे सगळं उलटं होतं हे लक्षात घ्या: चिपचा ट्रान्झिस्टर चालू असतो तेव्हा वायर खाली असते आणि स्विच बंद. हा उलटेपणा आपल्या फायद्याचा आहे. टीएल४९४ तिच्या ट्रान्झिस्टरला कधीच शंभर टक्के वेळ चालू ठेवत नाही, तीन-चार टक्के वेळ ती राखून ठेवते, कारण पॉवर सप्लायमध्ये दोन ट्रान्झिस्टर एकदम चालू झाले तर धूर निघतो. आपल्याकडे त्याचा अर्थ असा की स्विच निदान तीन टक्के वेळ चालू राहणारच. स्टेजचा इनपुट कधीच पूर्ण तरंगत नाही, बायस (सिग्नल ज्या स्थिर व्होल्टेजवर बसतो ते) सुटत नाही, फटका बसत नाही. ही सोय आयती मिळते.

एका स्टेजमध्ये काय आहे? टीएल०७२चा, म्हणजे दोन ऑप-अँप (छोटे अँप्लिफायर) असलेल्या आयसीचा, एक भाग. सिग्नल १० के मधून निगेटिव्ह इनपुटला, फीडबॅकमध्येही १० के. तोच सिग्नल १० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून पॉझिटिव्ह इनपुटला. पॉझिटिव्ह इनपुटपासून ४.७ के, त्यानंतर स्विच, आणि स्विचचं दुसरं टोक साडेचार व्होल्टच्या मधल्या बायसला. हा क्रम बदलू नका. स्विच बायसच्या बाजूला राहिला तर तो चालू असताना त्याच्या दोन्ही बाजूंना जवळपास स्थिर व्होल्टेज असतं, आणि ४०६६चा आतला शे-दीडशे ओहमचा रेझिस्टन्स सिग्नलबरोबर हलत नाही. साडेचार व्होल्ट मात्र दोन रेझिस्टरच्या मधून तसेच उचलू नका, एखादा ऑप-अँप बफर म्हणून वापरा. चार स्टेज त्यालाच लोंबकळणार आहेत.

हिशेब सोपा आहे. तीन टक्क्यांवर ४.७ के चे दिसतात १५७ के, आणि स्टेजची फ्रिक्वेन्सी येते १०० हर्ट्झच्या आसपास. स्विच सतत चालू असला की ३३०० च्या जवळ. म्हणजे पाच सप्तकांची झेप. जेएफईटीवाल्या पेडलला एवढी मोकळीक क्वचितच मिळते. चार स्टेजनंतरचा आवाज मूळ आवाजात समसमान मिसळला की दोन खाचा पडतात, एक त्या फ्रिक्वेन्सीच्या ०.४१ पट आणि दुसरी २.४१ पट. स्टेज १००० हर्ट्झवर असतील तर ४१४ आणि २४१४ वर. याच दोन खाचा वरखाली फिरताना आपल्याला तो फेझरचा भोवरा ऐकू येतो.

आता एलएफओच्या, म्हणजे पल्सची रुंदी आपोआप वरखाली करणाऱ्या संथ लाटेच्या सर्किटच्या, नादी लगेच लागू नका. १४ नंबरच्या ५ व्होल्टपासून ६.८ के, मग १० के चा पॉट, आणि पॉटचं खालचं टोक ग्राउंडला. मधला पाय चिपच्या ४ नंबरला. या पिनवर शून्य ते तीन व्होल्ट दिले की पल्सची रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. गिटारवर ई मेजर वाजवा आणि पॉट हाताने फिरवा. वॉ पेडलसारखी, पण त्याहून पोकळ अशी हालचाल ऐकू आली म्हणजे सर्किट बरोबर आहे. नाही आली तर मीटर घ्या: १४ वर ५ व्होल्ट आहेत का? ५ नंबरवर डीसी रेंजमध्ये साधारण दीड व्होल्ट दिसतात का? तिथे शून्य ते तीन व्होल्टची करवतीसारखी लाट असते, तिची सरासरी दीड. ऑसिलोस्कोप नसलेल्या माणसासाठी ही खूण पुरते.

हाताने चाललं की मग एलएफओ. नेहमीचा दोन ऑप-अँपचा त्रिकोणी लाटेचा घ्या, सेकंदाला ०.१ पासून ६ फेऱ्यांपर्यंत. तो लावल्यावर बहुतेक जण निराश होतात आणि दोष चिपला देतात. खाचा वरच्या पट्टीत बराच वेळ रेंगाळतात, मग झपकन खाली येऊन लगेच वर पळतात. एखाद्या माणसाने घाईत उठाबशा काढाव्यात तसं. कारण असं की या पद्धतीत फ्रिक्वेन्सी पल्सच्या रुंदीच्या सरळ प्रमाणात बदलते, पण आपला कान सप्तकांत ऐकतो. १०० ते २०० हे कानाला जेवढं अंतर, तेवढंच १६०० ते ३२००. त्रिकोणी लाट पहिल्या सप्तकाला निमिषभर देते आणि शेवटच्याला अर्धा वेळ. उपाय म्हणजे लाटेचा तळ रुंद करायचा. मी एलएफओनंतर २२ के टाकतो आणि त्यापुढच्या बिंदूवर एक १एन४१४८ डायोड लावतो. कॅथोड त्या बिंदूकडे, अॅनोड १० के मधून दीड व्होल्टच्या बायसला. लाट एका व्होल्टच्या खाली गेली की डायोड तिला धरतो आणि उतार मंदावतो. तळ थोडा वर येतो, तो ऑफसेटच्या प्रीसेटने परत खाली बसवायचा. गणिताच्या दृष्टीने हे अचूक नाही. कानाला पुरतं, आणि माझ्या मते फेझरच्या बाबतीत कानाच्या पुढे गणित चालवण्यात अर्थ नाही.

आता गोंगाट. ६१ किलोहर्ट्झ माणसाला ऐकू येत नाही, मग काळजी कशाची, असं मलाही वाटायचं. गणेशोत्सवातल्या एका कार्यक्रमात माझ्या पेडलच्या पुढे मित्राचा ॲनालॉग कोरस जोडला होता. पहिलंच गाणं सुरू झालं आणि गिटार थांबली की सायरनसारखी बारीक शिट्टी वरखाली जायला लागली. साउंडवाला माइककडे बघतोय, मी ॲम्पकडे. दोष दोघांच्या मधे होता. कोरसमध्ये बकेट ब्रिगेड चिप (सिग्नल टप्प्याटप्प्याने पुढे सरकवून उशीर करणारी) असते, तिला स्वतःचं क्लॉक असतं, तेही अनेकदा याच पट्टीत, आणि कोरसचा एलएफओ ते क्लॉक सतत हलवत असतो. माझे ६१ आणि त्याचे ६० भेटले की फरक उरतो १ किलोहर्ट्झ, आणि तो अगदी स्वच्छ ऐकू येतो. पीटी२३९९ या चिपचा डिले (प्रतिध्वनीचा पेडल) पुढे असला तरी हाच अनुभव येऊ शकतो.

म्हणून पेडलमधून बाहेर पडण्याआधी फिल्टर हवाच. एक ऑप-अँप, १० के चे दोन रेझिस्टर, फीडबॅकमध्ये २.२ नॅनो आणि ग्राउंडला १ नॅनो. हा १०.७ किलोहर्ट्झला कापतो, आणि ६१ किलोहर्ट्झचा अंश तिसाव्या भागाच्याही खाली येतो. गिटारच्या स्पीकरला तसंही पाच-सहा हजारांच्या वर फारसं काही वाजवता येत नाही, त्यामुळे आवाजात उणं काही जाणवत नाही.

दुसरा त्रास ग्राउंडमधून येतो आणि तो जास्त छळतो. पल्सची रुंदी बदलते तसा २.२ के मधून जाणारा सरासरी करंटही बदलतो, म्हणजे एलएफओच्या तालावर. तो करंट आणि गिटारचा सिग्नल एकाच ग्राउंडच्या पट्टीवरून गेले की पेडल गप्प असतानाही धप-धप ऐकू येतं. चिप आणि ४०६६च्या कंट्रोलचं ग्राउंड वेगळ्या वायरने थेट डीसी जॅकपर्यंत न्या. चिपचे ९ व्होल्ट १०० ओहममधून द्या, पुढे १०० मायक्रोफॅरड आणि १२ नंबरच्या पिनला अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक. कंट्रोलची वायर छोटी ठेवा. इनपुट जॅकची वायर तिच्या शेजारून नेऊ नका, नाहीतर बाकी सगळं करून फुकट.

डब्यात बसवण्याआधी मी एक गावठी चाचणी करतो. मिडियम वेव्ह असलेला छोटा ट्रान्झिस्टर रेडिओ सर्किटजवळ धरायचा. ६१ ची तेरावी पट ७९३, आणि आकाशवाणी पुणे आहे ७९२ किलोहर्ट्झवर. स्टेशन लावून रेडिओ हळूहळू जवळ आणला की बातम्यांच्या मागे शिट्टी उमटते. किती इंचांवर उमटते ते बघायचं, वायरिंग सुधारायचं, परत बघायचं. रेझिस्टर-कपॅसिटरच्या टॉलरन्समुळे तुमची फ्रिक्वेन्सी थोडी सरकलेली असेल, तर डायलवर इकडेतिकडे शोधा. ॲल्युमिनियमच्या डब्यात, झाकण लावून आणि डबा ग्राउंड करून ही शिट्टी जवळपास नाहीशी व्हायला हवी. प्लास्टिकचा डबा या प्रोजेक्टसाठी विसरा.

ट्रेमोलोसाठी ४०६६ ऐवजी सीडी४०५३ घ्या. तिच्यात दुहेरी स्विच असतात: एका बाजूला बफर केलेला सिग्नल, दुसऱ्या बाजूला साडेचार व्होल्ट, मधून आउटपुट. सिग्नलकडे जेवढा टक्का वेळ, तेवढा टक्का आवाज. दुसरी बाजू ग्राउंडला जोडण्याची चूक केली तर प्रत्येक ठोक्याला ढोल वाजतो, ती बायसलाच हवी. इथे सिग्नल सबंध चिरला जातो, म्हणून वरचा फिल्टर एकामागे एक दोनदा लावा. बाकी ट्रेमोलोत विशेष सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या चिप चालतील का, हेही विचारलं जाईल. केए७५०० म्हणजे टीएल४९४च, पिन टू पिन तीच. इन्व्हर्टर दुरुस्तीवाल्याकडे एसजी३५२५ मुबलक मिळते, पण तिची दोन्ही आउटपुट आळीपाळीने चालतात आणि मोठ्या मॉसफेटचे गेट भरण्यासाठी बनवलेली आहेत. एवढ्याशा पेडलमध्ये ती सप्लायला उगाच हिसके देते. यूसी३८४२ ला सुरू व्हायलाच १६ व्होल्ट लागतात, तेव्हा ९ व्होल्टवर ती झोपूनच राहील. साधी ५५५ वापरायची असेल तर सीमॉसवाली घ्या, एनई५५५ प्रत्येक उघडझापीला सप्लायमधून करंटचा मोठा घोट घेते आणि तो ऐकू येतो.

आर्डुइनोवाले म्हणतील, एवढ्या जुन्या चिपची काय गरज? युनोवर नेहमीचा पीडब्ल्यूएम ४९० किंवा ९८० हर्ट्झचा असतो, तो तर सरळ कानात शिरतो. टायमरची सेटिंग बदलून ६२.५ किलोहर्ट्झ मिळतात, पण मग रुंदीच्या पायऱ्या उरतात २५६. वरच्या बाजूला त्या कळत नाहीत. तळाशी, तीन टक्क्यांच्या आसपास, आकडा असतो ८. आठवरून नऊवर जायचं म्हणजे फ्रिक्वेन्सीत साडेबारा टक्क्यांची उडी, जवळजवळ दोन अर्धस्वर. संथ फेझर नेमका तिथेच जिना उतरल्यासारखा टकटक करतो. टीएल४९४च्या करवतीला पायऱ्याच नाहीत, आणि म्हणून या एका कामात मी अजून तिलाच धरून आहे.

बॅटरीचा मोह टाळा. चिप ७ व्होल्टच्या खाली काम करत नाही, आणि ऑप-अँप, पुल-अप, एलईडी धरून सगळं मिळून पंचवीस मिलीअँपच्या घरात जातं. ९ व्होल्टची बॅटरी एक-दोन तालमींतच दम तोडते. पेडलचा अडॅप्टर वापरा, आणि त्याचं मधलं टोक बहुधा निगेटिव्ह असतं हे जॅक जोडताना पुन्हा एकदा तपासा. उलट जोडणीसाठी सीरीजमध्ये १एन५८१७ डायोड टाकून ठेवला की रात्री एक वाजता चिप शोधत बसावं लागत नाही.

शेवटी तुमच्या प्रश्नातली भीती. सिग्नल चिपमधून गेला तर काय होतं? फेझर पूर्ण झाल्यावर मुद्दाम करून बघा. ६ नंबरचा रेझिस्टर २२ के आणि ५ चा कपॅसिटर १० नॅनो करा, म्हणजे फ्रिक्वेन्सी ५ किलोहर्ट्झवर येईल. ४ नंबर ग्राउंडला. गिटार बूस्ट करून, दोन व्होल्टच्या बायसवर बसवून, ऑप-अँपमधून ३ नंबरला द्या, आणि ८ नंबरचं आउटपुट फिल्टर करून ॲम्पला. चिप आता स्वतः गिटारच्या लाटेची उंची पल्सच्या रुंदीत बदलते आहे, तीही इतक्या कमी वेगाने की प्रत्येक सुराच्या जोडीला ५००० उणे तो सूर, ५००० अधिक तो सूर असे भलतेच आवाज निघतात. कॉर्ड वाजवली तर नुसता चिखल. सर्वांत बारीक तारेवर बाराव्या पडद्याच्या वर एकेक स्वर ओढून बघा: तार वर ओढता तेव्हा एक सूर वर जातो आणि दुसरा खाली येतो. मी त्यासाठी डब्यावर एक वेगळा टॉगल स्विच ठेवला आहे. मूळ ५ किलोहर्ट्झची शिट्टी मात्र मागे राहतेच, ती सहन होत नसेल तर तिथे नॉच फिल्टर (फक्त ती एक फ्रिक्वेन्सी कापणारा) लावावा लागेल.